कामाचा पुरावा : ऑस्ट्रेलियाच्या कुशल व्हिसाची तयारी

ऑस्ट्रेलियात कायमचे राहायला जाऊ इच्छिणाऱ्या अभियंत्याचा व्हिसाचा अर्ज म्हणजे मुख्यतः त्याने आजवर केलेल्या कामाचा कागदोपत्री हिशेब. १८९ क्रमांकाच्या 'स्किल्ड इंडिपेंडंट' व्हिसासाठी आधी तिथली नोकरी मिळवावी लागत नाही. १९० क्रमांकासाठी तिथल्या एखाद्या राज्याचे नामांकन लागते आणि ४९१ क्रमांकासाठी राज्याचे नामांकन किंवा तिथल्या नातेवाइकाचे पाठबळ लागते. तिन्हींत उमेदवाराची पारख गुणांवर होते, आणि प्रत्येक गुणामागे कागद असावा लागतो. पुण्या-मुंबईतून, नाशिक-छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यांतून या वाटेला लागणारे बहुतेक जण आपल्या कामात मुरलेले असतात. त्यांना जड जाते ते काम नव्हे, त्या कामाचा पुरावा गोळा करणे.

या गुणपद्धतीला मागचा इतिहास आहे. १९०१ च्या इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन कायद्याने ऑस्ट्रेलियाने गोरेतरांना दाराबाहेर ठेवले, आणि तेही वंशाचा उघड उल्लेख न करता. अधिकाऱ्याने कोणत्याही युरोपीय भाषेत ५० शब्दांचा उतारा सांगायचा आणि नको असलेल्या माणसाला तो उतरवून घेता येऊ नये, अशी ती परीक्षा होती. १९५८ मध्ये ती रद्द झाली, १९७३ मध्ये वर्णभेदी धोरणाचा शेवटचा अवशेषही गेला, आणि १९७९ मध्ये स्थलांतरितांना गुण देऊन निवडण्याची पद्धत आली. कॅनडाने ती १९६७ मध्येच सुरू केली होती. आजची पद्धत निष्ठुर वाटली, तरी तिचे निकष छापील आहेत आणि पुण्यातल्या अर्जदारालाही तेच लागू होतात जे लंडनमधल्याला. आधीच्या पद्धतीशी तुलना केली की हा फरक किती मोठा आहे ते कळते.

अर्जाला उभे राहायला किमान ६५ गुण लागतात; १ जुलै २०१८ पूर्वी ते ६० होते. वयाची २५ पूर्ण झाल्यापासून ३३ वा वाढदिवस येईपर्यंत वयाचे सर्वाधिक ३० गुण, ३३ ते ३९ या वयात २५, ४० ते ४४ मध्ये १५, आणि ४५ व्या वाढदिवसाला दार बंद. पदवीचे १५. परदेशातल्या अनुभवाचे, म्हणजे इथे भारतातल्या, ३ वर्षांना ५, ५ वर्षांना १० आणि ८ वर्षांना १५. हा अनुभव गेल्या १० वर्षांतला असावा लागतो. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेच्या चारही विभागांत ७ मिळाले तर १०, चारहींत ८ मिळाले तर २०. वयाचे गुण अर्ज करण्याचे निमंत्रण येईल त्या दिवशीच्या वयाप्रमाणे धरले जातात. त्यामुळे तयारीत गेलेला काळ उमेदवाराच्या विरुद्ध मोजला जातो आणि ३३ वा किंवा ४० वा वाढदिवस जवळ आलेल्या घरात प्रत्येक कागदाच्या दिरंगाईची धास्ती असते. शिवाय ६५ ही केवळ पात्रतेची रेषा आहे. निमंत्रण जास्त गुणवाल्यांना आधी जाते.

पहिला निर्णय व्यवसायाचा. ऑस्ट्रेलियाच्या यादीत प्रत्येक व्यवसायाला सहा आकडी क्रमांक असतो : स्थापत्य अभियंता २३३२११, विद्युत अभियंता २३३३११, यंत्र अभियंता २३३५१२, उत्पादन किंवा संयंत्र अभियंता २३३५१३. अर्जदाराच्या पदवीवर 'मेकॅनिकल' लिहिलेले असते आणि व्हिजिटिंग कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर'. पण या यादीला दोन्हींपेक्षा रोजच्या कामात रस असतो. दहा वर्षे उत्पादन सांभाळलेला मेकॅनिकल पदवीधर यंत्र अभियंता म्हणून अर्ज करतो, तेव्हा त्याचे अनुभवाचे कागद एक सांगतात आणि अर्ज दुसरेच. आपल्याकडे हुद्दे पगाराच्या श्रेणीप्रमाणे दिले जातात आणि एकाच 'सीनियर इंजिनिअर'कडे खरेदी, देखभाल, गुणवत्ता असे सगळेच असते, त्यामुळे हा प्रश्न बहुतेकांना अडतो. यादीतले कामाचे वर्णन समोर ठेवून गेल्या काही वर्षांत दिवसाचा मोठा भाग कशात गेला हे प्रामाणिकपणे लिहून काढणे, हाच त्यावरचा भरवशाचा उपाय आहे.

व्यवसाय ठरला की त्या व्यवसायाच्या संस्थेकडून कौशल्याचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. माहिती तंत्रज्ञानवाल्यांसाठी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी आहे, अभियंत्यांसाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया. भारत जून २०१४ मध्ये अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्यानुसार नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशनने टियर-१ खाली मान्य केलेल्या अभ्यासक्रमाचे त्यानंतरचे पदवीधर सोप्या वाटेने जातात. मात्र ही मान्यता प्रामुख्याने स्वायत्त संस्थांच्या अभ्यासक्रमांना आहे. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून शिकलेल्यांना आणि २०१४ पूर्वीच्या पदवीधरांना 'सीडीआर' लिहावा लागतो. संपूर्ण तयारीतला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा भाग हाच.

सीडीआर म्हणजे क्षमता सिद्ध करणारा अहवाल. त्यात तीन 'करिअर एपिसोड' असतात. प्रत्येक १,००० ते २,५०० शब्दांचा, एकेका प्रकल्पावरचा, परिच्छेदांना क्रमांक दिलेला, इंग्रजीत आणि प्रथमपुरुषी एकवचनात. सोबत सतत चालू असलेल्या शिक्षणाची एक पानी यादी आणि एक सारांश-तक्ता. व्यावसायिक अभियंत्यासाठी क्षमतेचे १६ घटक ठरलेले आहेत : शास्त्राचे ज्ञान, रचना करण्याची रीत, प्रकल्प चालवणे, व्यावसायिक नीती, संवाद वगैरे. यातला प्रत्येक घटक कोणत्या एपिसोडच्या कितव्या परिच्छेदात दिसतो, ते त्या तक्त्यात दाखवायचे असते.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासाठी चाकणच्या पट्ट्यातला एक उत्पादन अभियंता डोळ्यांसमोर आणता येईल. व्हीएमसी मशीनवर अॅल्युमिनियमच्या कव्हरला भोके पाडण्याचे काम चालू आहे. दुसऱ्या पाळीत रिजेक्शन वाढते. भोकांची जागा सरकलेली सापडते. अभियंता मशीनपाशी उभा राहतो, ऑपरेटरला जॉब बसवताना पाहतो, त्याच्याशी बोलतो. दोन गोष्टी ध्यानात येतात. फिक्श्चरच्या टेकू-पॅडवर चिप्स साचतात, त्यामुळे जॉब सपाट टेकत नाही. आणि लोकेशनच्या दोन्ही पिना गोल आहेत. जॉबवरच्या दोन भोकांमधले अंतर जरासे कमीजास्त आले की जॉब पिनांवर अडकतो आणि तिरका बसतो. अभियंता एका गोल पिनेच्या जागी डायमंड पिन घालतो, पॅडची रुंदी कमी करून त्यांची उंची वाढवतो, कूलंटची एक नळी पॅडच्या दिशेने वळवतो. टूलरूममधून हे सगळे करून घेतो. रिजेक्शन खाली येते. महिन्याच्या बैठकीत एका स्लाइडवर 'फिक्श्चर मॉडिफिकेशन' अशी ओळ येते आणि चर्चा पुढच्या विषयाकडे वळते.

हाच अभियंता एपिसोड लिहायला बसतो तेव्हा पहिल्या मसुद्यात साधारण असे उतरते : गुणवत्तेचा प्रश्न आला, टीमने मूळ कारण शोधले, फिक्श्चरमध्ये बदल केला, रिजेक्शन कमी झाले. यात खोटे काहीच नाही, पण मूल्यमापन करणाऱ्याला यातून काहीही कळत नाही. कोणी शोधले? कशाने मोजले? मशीनच्या स्पिंडलवर किंवा ड्रिलवर संशय न घेता पिनांवर का घेतला? भोकांमधल्या अंतराला ड्रॉइंगवर किती सूट होती आणि त्या हिशेबाने पिनेला किती मोकळीक ठेवली? पातळ कव्हर क्लॅम्पखाली वाकू नये म्हणून दाबाचा विचार केला का? दुसरा कोणता उपाय समोर होता आणि तो का सोडला? पाळी बदलताना नव्या ऑपरेटरला काय सांगितले? या प्रश्नांची उत्तरे अभियंत्याकडे असतात, फक्त ती कधी कोणी विचारलेली नसतात. मोजमापाच्या यंत्राचा (सीएमएमचा) अहवाल आठवून, जुनी वही शोधून, टूलरूममधल्या माणसाला फोन करून तो एकेक तपशील परत मिळवतो. मग परिच्छेद भरू लागतात. डायमंड पिनेचा परिच्छेद शास्त्राच्या ज्ञानाचा दाखला ठरतो, ऑपरेटरशी झालेले बोलणे संवादाचा, आणि सोडून दिलेला उपाय निर्णयक्षमतेचा.

यात दोन अडचणी हमखास येतात. एक, श्रेय एकट्याकडे घेण्याचा संकोच. कारखान्यात कोणतेही काम एकट्याचे नसते आणि 'मी केले' म्हणणाऱ्याकडे लोक आढ्यतेखोर म्हणून पाहतात. एपिसोडमध्ये मात्र टीमने काय केले याला गुण नाहीत. इतरांचा वाटा नाकारून खोटे लिहिणे हा यातला मार्ग नव्हे. कोणाचा वाटा कोणता हे स्पष्ट लिहावे : पिन टूलरूमने घासली, तिचे माप अभियंत्याने काढले. अशी काटेकोर वाटणी केली की संकोच बराच मावळतो आणि मजकुरालाही वजन येते. दोन, ड्रॉइंग कंपनीच्या मालकीचे असते. ते उचलून अहवालाला जोडणे गैर. परवानगी मागावी, नाहीतर तत्त्व समजेल एवढी आकृती स्वतः नव्याने काढावी आणि ग्राहकाचे नाव, भागाचा क्रमांक वगळावा.

सीडीआर लिहून देणाऱ्यांचा धंदा मोठा आहे. पैसे भरा, बायोडेटा पाठवा, तीन एपिसोड तयार. अर्जदाराने अहवाल स्वतःचाच असल्याचे लिहून दिलेले असते आणि मजकूर इतर अहवालांशी ताडून पाहिला जातो. नक्कल सापडली तर अर्ज फेटाळला जातो आणि काही काळ नव्याने अर्जही करता येत नाही. पण पकडले जाण्याची भीती बाजूला ठेवली तरी नुकसान उरतेच. जो अभियंता हे लिखाण स्वतः करतो, त्याला बहुधा पहिल्यांदाच आपल्या दहा वर्षांचा आकार दिसतो : कुठे विचार केला, कुठे नुसते वरून आलेले हुकूम पाळले, कोणत्या वर्षात नवे काहीच शिकलो नाही. पुढे तिथल्या मुलाखतीत हेच बोलावे लागते. विकत घेतलेल्या एपिसोडमधला अभियंता मुलाखतीला येऊ शकत नाही. इंग्रजी कच्चे असेल तर भाषा कोणाकडून तरी तपासून घेण्यात काही वावगे नाही. घटना, हिशेब आणि निर्णय मात्र स्वतःचे हवेत.

अनुभवाच्या पुराव्याची कथा वेगळी आहे. लागते ते पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. त्यात हुद्दा, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार आणि कामाचे स्वरूप. आपल्याकडच्या मनुष्यबळ विभागांचा छापील नमुना दोन ओळींचा असतो : अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कामाचा तपशील मागितला की 'आमच्या पॉलिसीत बसत नाही' हे उत्तर ठरलेले. नोकरीत असताना मागावे, तर माणूस चालला असा बोभाटा होतो. ज्याने नोकरी सोडताना हात जोडून, मागे लागून असे पत्र लिहून घेतले त्याचे काम सोपे होते. बाकीच्यांना जुन्या साहेबांना शोधत फिरावे लागते. काही मूल्यमापन संस्था अशा वेळी वरिष्ठाचे शपथपत्र मान्य करतात, पण इतर पुराव्यांच्या जोडीनेच.

पत्रापाठोपाठ तिसऱ्याकडचा पुरावा लागतो, म्हणजे कंपनीने आणि उमेदवाराने संगनमताने रचता येणार नाही असा. फॉर्म १६, प्राप्तिकराचे विवरण, २६एएस, बँकेत जमा झालेला पगार, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक. यात पीएफचे पासबुक फार कामाचे, कारण त्यात मालकाचे नाव आणि दर महिन्याची वर्गणी दोन्ही असतात. पण भोसरीच्या, सातपूरच्या, वाळूजच्या लहान वर्कशॉपमध्ये सुरुवात केलेल्यांची इथेच कोंडी होते. पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागतो. १२ माणसांच्या शॉपमध्ये तो नसतोच. पगार पाकिटातून रोख मिळालेला असतो. मोठ्या कंपनीच्या आवारात राबलेला, पण कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असलेला अभियंता लेटरहेड आणणार ते कंत्राटदाराचे. ही वर्षे शिकण्याच्या दृष्टीने सगळ्यात सकस असतात. एका माणसाने ड्रॉइंग वाचावे, जॉब लावावा, मशीन दुरुस्त करावे आणि रात्री माल टेम्पोत चढवावा, अशी ती वर्षे. गुणांच्या हिशेबात मात्र ती शून्य. अभियंत्याचे कौतुक करणाऱ्या आपल्या उद्योगाने त्याची नोंद ठेवण्यात दाखवलेली ही हयगय आहे, आणि तिची किंमत मोजतो तो नेमका सामान्य घरातून, लहान शॉपमधून वर आलेला मुलगा.

नावांचा घोळ महाराष्ट्रातल्या अर्जदारांना विशेष छळतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आईचे नाव स्वतंत्र रकान्यात. पासपोर्टवर आडनाव वेगळे आणि स्वतःचे व वडिलांचे नाव एका ओळीत. पॅनकार्डावर कुठे वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. जन्माच्या जुन्या दाखल्यावर बाळाचे नावच नसते, कारण नोंद बारशाआधी झालेली. लग्न झालेल्या स्त्रीच्या बाबतीत पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या, आणि पीएफ पहिल्या नोकरीच्या वेळच्या. ही सगळी एकाच व्यक्तीची नावे आहेत असे सांगणारे प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, गरज पडल्यास राजपत्रातील नामबदल अशी साखळी जुळवावी लागते. ग्रामपंचायतीचा मराठी दाखला असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. हे काम कंटाळवाणे खरे, पण तसे अवघड नाही. ते सर्वांत आधी हाती घ्यावे, कारण सरकारी खिडकीवर लागणारा वेळ अर्जदाराच्या हातात नसतो.

जोडीदाराची कागदपत्रेही त्याच वेळी पाहावीत. जोडीदाराचे इंग्रजी पुरेसे असेल तर ५ गुण, आणि वय, व्यवसाय व मूल्यमापन हेही निकष तो पूर्ण करत असेल तर १० गुण मिळतात. अविवाहिताला ते १० आपसूकच मिळतात. जोडीदाराचे कामचलाऊ इंग्रजीही सिद्ध झाले नाही तर शुल्काचा जबर दुसरा हप्ता भरावा लागतो. बरेचदा त्यासाठी परीक्षेची गरज नसते. पदवीचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याच्या महाविद्यालयाच्या पत्राने भागते.

मराठी येते म्हणूनही ५ गुण मिळू शकतात. दुभाष्यांना प्रमाणित करणारी नाटी ही ऑस्ट्रेलियन संस्था 'सीसीएल' नावाची परीक्षा घेते आणि तिच्या भाषांमध्ये मराठी आहे. दोन संवाद ऐकायचे, एक बाजू इंग्रजी बोलणारी आणि दुसरी मराठी. प्रत्येक तुकड्यानंतर त्याचे दुसऱ्या भाषेत रूपांतर करायचे. एकूण ९० पैकी ६३ आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९ गुण हवेत. विषय दवाखाना, भाडेकरार, पोलीस, शाळा असे रोजचे. मातृभाषा म्हणून मराठी गृहीत धरून, तयारीशिवाय बसणारे इथे फसतात, कारण शहरी घरात या विषयांवरचे बोलणे निम्मे इंग्रजीतच होते.

मूल्यमापन आणि इंग्रजीचा निकाल हाती आला की स्किलसिलेक्ट या ऑस्ट्रेलियाच्या ऑनलाइन प्रणालीवर 'एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट' नोंदवता येते. ती दोन वर्षे टिकते. ही नोंद करताना कागद जोडायचे नसतात, आणि धोका इथेच आहे. आकडे भरताना हात सैल सुटतो : दोन वर्षे अकरा महिन्यांचा अनुभव तीन वर्षे म्हणून टाकला जातो. निमंत्रण त्या आकड्यांवर येते, अर्ज भरल्यावर ते गुण सिद्ध होत नाहीत, व्हिसा नाकारला जातो आणि ४,००० ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक असलेले शुल्क परत मिळत नाही. खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती आढळली तर बहुतेक व्हिसांसाठी तीन वर्षांची बंदी लागू शकते, ओळखीबाबत खोटे असेल तर दहा वर्षांची. सल्लागार नेमायचा असेल तर तो ऑस्ट्रेलियाच्या मायग्रेशन एजंट नियामकाकडे नोंदलेला आहे का, हे त्याच्या नोंदणी क्रमांकावरून कोणालाही तपासता येते. भिंतीवर लावलेले व्हिसांचे फोटो हा पुरावा नव्हे.

निमंत्रण आल्यावर अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. तयारी नीट झाली असेल तर हा काळ पुरून उरतो. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र, अर्जावर मिळालेला एचएपी क्रमांक घेऊन ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच वैद्यकीय तपासणी, प्रौढांसाठी छातीचा एक्स-रे आणि रक्ताची चाचणी. क्षयाची जुनी खूण एक्स-रेवर दिसली तर पुढच्या तपासण्या लागतात आणि काही महिने जातात. याचा अर्थ नकार असा नसतो. निकालापर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नये. भारतात ९० दिवसांच्या नोटिशीची कलमे सर्रास असतात, पण व्हिसा मिळाल्यानंतर पहिल्या प्रवेशासाठी दिलेल्या मुदतीत ती सहसा बसतात.

अर्ज आणि निकाल यांच्यामध्ये घरात जे बदल होतील ते कळवणे बंधनकारक आहे : मूल जन्मले, पत्ता बदलला, नोकरी बदलली, नवा पासपोर्ट निघाला. यातला शेवटचा बदल बरेच जण विसरतात. मंजुरीचे पत्र ईमेलने येते, पासपोर्टवर शिक्का किंवा स्टिकर लागत नाही; व्हिसा संगणकावर पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो आणि विमान कंपनी तोच क्रमांक तपासते. मधल्या काळात पासपोर्ट नव्याने काढला असेल, तर तिकीट काढण्याआधी नवा क्रमांक अर्जाच्या ऑनलाइन खात्यात, म्हणजे इमिअकाउंटवर, नोंदवून घ्यावा आणि व्हेवो या तपासणी सेवेत तो बरोबर दिसतो आहे ना, हे पाहून घ्यावे.